स्पीकरच्या पाठचं ट्रेबलचं बटण खरखरतंय, डावा ट्वीटर मुका. कोणी उघडून पाहिलंय का?

कृष्णाकाठचा (सांगली)
राम राम मंडळी. वडिलांनी ऐंशीच्या दशकात घेतलेली थ्री-वे स्पीकरची जोडी घरात आहे. जाड लाकडी खोकी, खाली जाड सुरांचा दहा इंची वूफर, मध्ये मधल्या सुरांचा मिडरेंज, वर बारीक सुरांचा घुमटीचा ट्वीटर. पाठीमागे दोन बटणं: एकावर 'मिड', दुसऱ्यावर 'हाय'. डाव्या स्पीकरचं 'हाय' फिरवलं की फर्र-फर्र होतं, आणि सोडलं की ट्वीटर गप्प. बटण आत दाबून धरलं की परत वाजतो. उजवा ठणठणीत आहे.

घर गावभागातलं. २०१९च्या पुरात स्पीकर माडीवर होते म्हणून बुडाले नाहीत, पण खालच्या भिंती पुढे कितीतरी महिने ओल सोडत होत्या. मला संशय त्याचाच आहे.

इथल्या एका दुकानात नेले. गड्यानं न उघडताच सांगितलं, "ट्वीटर गेला, जुन्यात पैसे घालू नका." बटण दाबल्यावर जो वाजतो तो गेला कसा, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. माझ्याकडे एका जुन्या ॲम्प्लिफायरमधून काढलेला ५० के (किलोओहम) चा व्हॉल्यूम कंट्रोल पडून आहे. तो तिथे बसवला तर चालेल का?

फटकळ
ब्लूटूथ घ्या. खरखर नाही, वायर नाही, धागा नाही.

रांगा_सोल्डर (सातारा)
फटकळराव, दहा इंची वूफरचा तबला एकदा ऐका, मग बोलू.

कृष्णाकाठचे, दाबल्यावर वाजतो म्हणजे ट्वीटर जिवंत आहे. तरी खोकं उघडायच्या आधी दोन फुकटचे तपास करा. ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरांच्या मागच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. मुकेपणा उजव्या खोक्यात गेला तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा वायरीत आहे, स्पीकरला हात लावू नका. डावीकडेच राहिला तर स्पीकर उघडायचा. दुसरं, वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला, दुसरं ट्वीटरसमोर धरा, आवाज बारीक ठेवून. मिडरेंजचं वाजणं ट्वीटरचंच समजून भलेभले फसतात. सुरळीनं कोण बोलतंय ते नेमकं कळतं.

५० के मात्र अजिबात नको. ॲम्प्लिफायरमधलं व्हॉल्यूमचं बटण अशक्त सिग्नल सांभाळतं, त्यातून करंट जवळजवळ जातच नाही. स्पीकरच्या पाठच्या बटणातून ट्वीटरची अख्खी पॉवर जाते. तिथे कार्बनची पट्टी टाकलीत तर केसभर फिरवताच आवाज गुडुप, आणि मोठ्यानं लावलंत तर पट्टी जळून वास. तुमच्याकडचं बटण बहुतेक एल-पॅड असणार. एकाच दांड्यावर तारेचे दोन ट्रॅक असतात: एक ट्वीटरच्या आधी सिरीजमध्ये, दुसरा ट्वीटरला आडवा. पहिला वाढतो तसा दुसरा कमी होतो. आवाज घटतो, पण मागच्या क्रॉसओव्हरला (जाड-बारीक सूर वेगळे करून ज्याचे त्याला देणारं सर्किट) कायम ८ ओहमच दिसत राहतात. सगळी मेख तिथेच आहे.

मी चाळीसेक वर्षं रेडिओ-टीव्हीच दुरुस्त केले. अशा बटणांत दहापैकी आठ वेळा मळ नाहीतर गंज निघतो. जळालेलं क्वचित.

हिशेबी (कराड)
काकांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. साधा एका कंडेन्सरचा क्रॉसओव्हर धरू. ट्वीटर ८ ओहम, कंडेन्सर ४.७ मायक्रोफॅरड. कापणी, म्हणजे जिच्या खालचे सूर ट्वीटरकडे जायचे अडतात ती जागा, येते ४२०० हर्ट्झच्या आसपास. आता बटण काढून कोणी नुसता ८ ओहमचा रेझिस्टन्स सिरीजमध्ये टाकला, की कंडेन्सरला १६ ओहम दिसतात आणि कापणी सरळ निम्म्यावर, २१०० हर्ट्झला येते. आवाज कमी झाला खरा, पण खालचे सूर, जे ट्वीटरचं काम नाही, तेही त्याच्याकडे जायला लागले. आवाज 'कमी' न होता 'वेगळा' होतो, आणि बसवणारा म्हणतो, जुन्या स्पीकरची मजाच गेली.

(ट्वीटरचा ८ ओहम हा आकडा प्रत्येक फ्रिक्वेन्सीला तेवढाच राहत नाही, हे मला माहीत आहे. अंदाजाला पुरतं.)

कृष्णाकाठचा (सांगली)
वायरी बदलून पाहिल्या. मुकेपणा डाव्याच खोक्यात. सुरळीही लावली, बटण सोडल्यावर ट्वीटरमधून काही नाही, चिमणीएवढंसुद्धा नाही. आता उघडतो. काळजी काय घ्यायची?

रांगा_सोल्डर (सातारा)
वायरी ॲम्प्लिफायरकडून काढून टाका. खोकं पाठीवर आडवं ठेवा, खाली सतरंजी. बटणं पाठीमागे असली तरी रस्ता बहुधा पुढून, वूफरच्या भोकातून. स्क्रू काढताना स्क्रूड्रायव्हर मुठीत घट्ट धरा. वूफरचं मॅग्नेट हिसका देऊन पातं ओढतं आणि कागदी कोनाला भोक पडतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले कोन याच कारणानं फाटलेले आहेत, वाजवून नव्हे.

वूफर उचलताना त्याच्या वायरी ताणू नका. आत पिवळट काचलोकर असली तर हातमोजे आणि तोंडाला फडकं, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल. बटणाच्या प्रत्येक वायरीचा मोबाइलवर फोटो काढा, रंगासकट. मगच सोल्डर सोडवा.

बाहेरची टोपी काही बटणांना नुसती ओढून निघते, काहींना कडेला बारीक ग्रब स्क्रू असतो. न बघता पक्कड लावू नका.

मिरजेची
मध्येच विचारते. ट्रेबल कमी झाल्यावर नेमकं काय हरवतं ते ओळखायला मी एक सोपा मार्ग वापरते, चालेल का सांगा. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावते. आमच्याकडे तंतुवाद्यांच्या कारागिरांच्या गल्लीत जवारी (तारेचा झणकार) काढताना तासन्‌तास ऐकलंय, घोडीवर कानशीचा एखादा हात पडला की तार कशी बोलायला लागते ते कानात पक्कं आहे. ट्वीटर बंद असला की तानपुरा लागतो, सूर बरोबर येतो, पण जवारी नाही. नुसती गुणगुण. सिनेसंगीत लावलं तर मला फरक उशिरा कळतो.

रांगा_सोल्डर (सातारा)
ताई, चालेल काय, याहून चांगला तपास नाही. तानपुऱ्याच्या तारेचा मूळ सूर खाली शे-दोनशे हर्ट्झच्या पट्ट्यात, तो वूफर आणि मिड वाजवतात. जवारीचा झणकार म्हणजे वरचे स्वरांश, काही हजार हर्ट्झपर्यंत चढणारे. ते ट्वीटरचं खातं. शिवाय तानपुरा एकसारखा वाजत राहतो, त्यामुळे बटण फिरवताना कुठल्या जागी झणकार तुटतो ते लगेच पकडता येतं. तबल्याच्या ठेक्यात ते निसटतं.

फटकळ
बरं, हे मात्र मी माझ्या ब्लूटूथवर करून पाहीन.

कृष्णाकाठचा (सांगली)
उघडलं. काचलोकर होती, फडकं बांधलं होतं म्हणून वाचलो.

बटणाला तीन पाय, १-२-३ असे आकडे छापलेत. मागे पत्र्याची गोल वाटी, कडेचे चार कान दुमडून बसवलेली. कान सरळ करून वाटी काढली तर आत वर्तुळात गुंडाळलेली तार, दोन थरांत, म्हणजे काका म्हणाले तसा एल-पॅडच. तारेवर काळपट थर. आणि तारेवर फिरणारी जी पितळी जीभ आहे तिच्या टोकाला हिरवा थर, तांब्या-पितळेची भांडी कळकली की चढतो तसा. दाबल्यावर वाजायचं कारण दिसलं: दांडा आत ढकलला की जीभ तारेवर टेकते, सोडला की हिरव्या थरावर तरंगते.

ट्वीटरची वायर सोडवून मल्टिमीटर लावला. २ आणि ३ मध्ये बटण हळू फिरवताना आकडा सरकत जाण्याऐवजी उड्या मारतो, मध्येच ओपन दाखवतो. नुसत्या ट्वीटरवर ६ ओहमच्या थोडं वर. ट्वीटर शाबूत ना मग?

रांगा_सोल्डर (सातारा)
शाबूत. ८ ओहमचा ट्वीटर मीटरवर साडेपाच ते सातच्या दरम्यान दाखवतो, मीटर ओहम फक्त डीसीवर मोजतो म्हणून. आणि ट्वीटर सोडवून मोजलंत हे बरं केलंत, जोडलेला असता तर मीटरनं ट्रॅक आणि ट्वीटर दोघांची बेरीज-वजाबाकी करून भलताच आकडा दिला असता.

आता सफाई. सावकाश करा, सगळं काम इथेच आहे.

मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, 'आयपीए' मागा. जुना टूथब्रश त्यात बुडवून ट्रॅक आणि जीभ दोन्ही धुवा, काळं पाणी निघेल. ते फडक्यानं टिपा आणि परत धुवा. जिभेच्या टोकाचा हिरवा थर अल्कोहोलनं जाणार नाही. त्याला पेन्सिलचं नव्हे, शाईचं खरखरीत खोडरबर घ्या, टोकाएवढा तुकडा कापा आणि घासा. पितळ पिवळं दिसेपर्यंत. तारेच्या ट्रॅकवर खोडरबर तारेच्या दिशेनं हलकं, आडवं ओढू नका. बारीक तार आहे, एक वेढा सरकला की शेजारच्याला टेकतो.

पॉलिश पेपर नको. वापरायचाच तर हजार नंबरच्या पुढचा, आणि फक्त जिभेला. भांड्याची तारेची घासणी तर स्पीकरजवळ आणूच नका. तिचे बारीक तुकडे सुटतात, ट्रॅकमध्ये अडकून शॉर्ट करतात आणि उरलेले मॅग्नेटला जाऊन चिकटतात. ट्वीटरच्या फटीत एक तुकडा गेला की मग खरंच ट्वीटर गेला.

बिजागऱ्यांना मारतो तो तेलकट स्प्रेही नको. आज खरखर थांबते, पण तेलाची साय मागे राहते, तिच्यावर धूळ बसते आणि पावसाळ्यात पहिल्यापेक्षा वाईट. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून जो वेगळा डबा मिळतो तो चालतो.

जीभ स्वच्छ झाली की चिमट्यानं अगदी किंचित खाली वाकवा, दाब वाढेल. किंचित म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल इतकं. ग्रीस लावायचं तर दांड्याला, थेंबभर, ट्रॅकवर नाही. मग वाटी बसवायच्या आधी बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा आणि परत मीटर.

आकडे कसे यायला हवेत: बहुतेक एल-पॅडवर १ म्हणजे कॉमन, २ ट्वीटरकडे, ३ क्रॉसओव्हरकडून. पूर्ण उघड्यावर २-३ मध्ये शून्याच्या जवळ, पूर्ण बंदवर ८ ओहमच्या आसपास. मधल्या वाटेत उडी नको.

हिशेबी (कराड)
तोवर इतरांसाठी: सगळ्याच जुन्या स्पीकरांत एल-पॅड नसतो. १९५८ साली आलेल्या एआर-३ सारख्या अमेरिकन स्पीकरांत एकाच ट्रॅकचे १५-१६ ओहमचे पोटेन्शिओमीटर होते, आणि ते गंजण्याबद्दल जगभर बदनाम आहेत. म्हणजे हा काही फक्त कृष्णाकाठच्या ओलीचा दोष नाही. पण आत एकच ट्रॅक दिसला तर तिथे एल-पॅड सरळ बदली म्हणून टाकू नका. क्रॉसओव्हर त्या पोटेन्शिओमीटरचा भार धरून आखलेला असतो.

धोपटमार्गी (इस्लामपूर)
एवढी झटापट कशाला? बटण काढून टाका, २ आणि ३ च्या वायरी एकमेकांना जोडा. ट्वीटर कायम फुल. आयुष्यात परत खरखर नाही. आमच्या मंडळाच्या जुन्या बॉक्सला मी हेच केलंय.

मिरजेची
मंडपात चालेल हो. घरात कायम फुल ट्रेबल म्हणजे तंबोऱ्याची जवारी नाही, डोक्याला ताप. आमच्या हॉलमध्ये फरशी, उघड्या भिंती आणि काचेचं कपाट. दुसऱ्या मजल्यावर गाद्या-पडद्यांच्या खोलीत तोच स्पीकर किती मऊ वाजतो. बटण दिलंय ते त्याचसाठी ना?

रांगा_सोल्डर (सातारा)
त्याचसाठी. खोलीप्रमाणे वरचा आवाज जुळवायला.

धोपटमार्गींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, अर्धं बरोबर आहे. बटण जळालेलं असेल, नवीन मिळत नसेल, तर काढून टाकणं हाच मार्ग. पण वायरी थेट जोडू नका, आवडत्या जागेइतके पक्के रेझिस्टन्स टाका. हिशेबी, मांडा आकडे.

हिशेबी (कराड)
८ ओहमच्या ट्वीटरसाठी. साधारण ३ डेसिबल कमी हवं तर सिरीजमध्ये २.२ ओहम आणि ट्वीटरला आडवा २२ ओहम. साधारण ६ डेसिबल कमी हवं तर सिरीजमध्ये ३.९ आणि आडवा ८.२. दोन्ही वेळा क्रॉसओव्हरला ८ च्या अगदी जवळचा आकडा दिसतो, करून बघा: २२ आणि ८ समांतर म्हणजे ५.८७, त्यात २.२ मिळवले की ८.०७.

पांढरे सिमेंटचे १० वॅटवाले घ्या. ३ डेसिबलला ट्वीटरच्या वाट्याची निम्मी पॉवर रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जाते, त्यामुळे पाव वॅटचे किडमिडीत रेझिस्टन्स नकोत. घरगुती ऐकण्यात वरच्या पट्ट्यात पॉवर थोडीच असते, १० वॅट पुरून उरतात. फक्त काचलोकरीला किंवा वायरीच्या प्लॅस्टिकला टेकवू नका.

धोपटमार्गी (इस्लामपूर)
बरं, मंडळाच्या बॉक्सला ३ डेसिबल करून बघतो. शेजारीही खूश होतील.

कृष्णाकाठचा (सांगली)
झालं! खोडरबरानं जीभ पिवळीधमक निघाली. ट्रॅकवरचा काळा थर अल्कोहोलनं तीन-चतुर्थांश गेला, उरलेला खोडरबरानं. मीटरवर आकडा आता ०.३ पासून ८ च्या थोडं खालपर्यंत लोण्यासारखा सरकतो. वाटी बसवली, सोल्डर मारलं, ताईंचा तानपुरा लावला. एका टोकाजवळ अजून बारीकशी 'चर्र' आहे, पण तिथे कोणी ठेवतच नाही.

एक नवीनच भानगड: मोठ्या आवाजात बटणाच्या भोकातून फुस्स-फुस्स हवा येते. आधी येत नव्हती.

रांगा_सोल्डर (सातारा)
नटाखाली रबराची किंवा फोमची चकती होती का? जुनी झाली की चुरा होऊन पडते. तुमचं खोकं बंद जातीचं असणार, पुढे-मागे हवेचं भोक नसलेलं. त्यात हवा सुटली तर नुसतं फुस्स नाही, बासही ढिला पडतो. दारं-खिडक्यांना लावतात त्या फोमच्या चिकटपट्टीतून चकती कापा, बटणाच्या आणि लाकडाच्या मध्ये बसवा. वूफरच्या चौकटीखालची पट्टीही तपासा. मग वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी, मध्याच्या घुमटीच्या आजूबाजूला सारखा दाब देत, हळू आत दाबून सोडा. बंद खोक्यात तो रेंगाळत परत येतो. झटकन आला तर हवा अजून कुठूनतरी सुटतेय.

आणि उजव्या स्पीकरची दोन्ही बटणं आजच टोकापासून टोकापर्यंत फिरवून घ्या. त्यानंही तीच ओल खाल्लीय.

पावसाळी (वाई)
धागा चांगला चाललाय म्हणून माझं घुसवतो. माझे स्पीकर नवे, आत ॲम्प्लिफायर असलेले. व्हॉल्यूमचं बटण गोल-गोल कितीही फिरतं, टोक नाही. वाढवायला गेलं की कधी कमी होतो, कधी एकदम उसळी. यातही खोडरबर?

हिशेबी (कराड)
नाही, हे प्रकरण वेगळं. टोक नसलेलं बटण म्हणजे रोटरी एन्कोडर. त्यात ट्रॅकच नसतो. आत दोन संपर्क आळीपाळीनं जुळतात-तुटतात, कोणता आधी जुळला त्यावरून चिप दिशा ओळखते आणि टिचक्या मोजते. मळ बसला की मोजणी चुकते, वाढव म्हटलं की कमी करते. रिमोट आहे का? रिमोटनं आवाज सुरळीत कमी-जास्त होत असेल तर दोष एन्कोडरचाच.

रांगा_सोल्डर (सातारा)
आणि उघडणार असाल तर हे आधी ऐका. कृष्णाकाठच्यांच्या खोक्यात वीज नव्हती, तुमच्या खोक्यात २३० व्होल्ट येतात. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर प्लग काढल्यावरही ३०० च्या वर डीसी काही काळ राहू शकतो. प्लग काढून थांबा, मीटरनं मोजा, मगच हात. ते जमणार नसेल तर कारागिराकडे द्या, यात कमीपणा नाही.

टोक असलेल्या व्हॉल्यूमवाल्यांसाठीही एक: नवीन कंट्रोल टाकूनही खरखर राहिली तर परत कंट्रोल बदलत बसू नका. त्याच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवणारा) बहुधा गळत असतो, कंट्रोलवर डीसी येतो आणि फिरवलं की खरखर. मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावा, तिथे शून्याजवळच आकडा हवा.

पावसाळी (वाई)
रिमोट आहे. रिमोटनं एकदम सुरळीत, बटणानं उड्या.

हिशेबी (कराड)
मग एन्कोडर. दांड्याच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, सेट बंद असताना, दोन्ही दिशांना भरपूर फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर नवीन घेताना तीन गोष्टी जुळवा: दांड्याची लांबी, दांडा गोल की एका बाजूनं सपाट, आणि एका फेरीत किती टिचक्या. एका बाजूला तीन पाय असतात, दाबायचं बटणही असेल तर दुसऱ्या बाजूला आणखी दोन. वाईत नाही मिळाला तर पुण्याला कोणी जात असेल त्याच्याकडे तपकीर गल्लीतून (तिथला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) मागवा, जुना काढून सोबत द्या.

पावसाळी (वाई)
क्लीनर आणतो. पाय मोजले, पाच आहेत. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.